केतुराबाई उपकार म्हणत नाही

चैत्राचे ऊन धोंडेमाळावर कोसळत होते. शुभ्र, निःशब्द, निष्करुण ऊन. काळ्या कातळावर, करड्या कुसळांवर, बाभळींच्या विरविरीत सावल्यांवर, आटलेल्या ओढ्याच्या तृषार्त वाळूवर. आकाशाचा निळा रंग केव्हाच उडाला होता, तापून तापून ते पांढरे झाले होते, आणि त्या दिगंतव्यापी प्रकाशात डोळ्याला टेकायला कुठे म्हणून जागा नव्हती.

फुलला होता एकटा लिंब. मंदिराच्या आवारातला, थोराड, दाट, घनगंभीर. त्याचा मोहोर वाऱ्याशिवायच झरत होता. पायरीवर, ओट्यावर, घंटेच्या खांबापाशी. सूक्ष्म, सुगंधी, शुभ्र. एवढ्या कडू झाडाला एवढा गोड वास देणाऱ्याला काय म्हणावे? धोंडेमाळची माणसे त्याला प्रभू म्हणत, आणि आज त्याचा वार होता, रविवार.

त्यातून आज उपकाराचा रविवार. आता हा उपकार म्हणजे काय, ते आधीच सांगून टाकतो. ऐकून राग येईल. येऊ द्या, मलाही येतो.

धोंडेमाळच्या ख्रिस्ती मंडळीत मेलेल्यासाठी रडत नाहीत. पणजोबा-खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या काळी कुणीतरी त्यांना सांगितले, की ऊर बडवणे, हंबरडा फोडणे हे आशाहीनांचे काम. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे. सांगणारा सांगून गेला. ऐकणाऱ्यांनी मात्र ते इतके घट्ट धरले, इतके घट्ट, की आशा निसटली आणि कोरडे डोळे तेवढे मुठीत राहिले. पिढ्यामागून पिढ्या कोरड्या डोळ्यांनी माती देत आल्या.

आणि माती दिल्यानंतरच्या रविवारी, उपासना संपता संपता, त्या घरची माणसे प्रभुभोजनाच्या मेजापाशी उभी राहतात. सगळ्या मंडळीसमोर, स्वच्छ, स्थिर, संथ स्वरात म्हणतात: उपकार, प्रभू, उपकार. आवाज कापता कामा नये. कापला, तर घरी जाताना बायका एकमेकींना म्हणतात, विश्वास कमी पडला गं बाई.

विश्वास कमी पडला! जणू विश्वास म्हणजे पिठाचा डबा, आणि यांनी येऊन झाकण उघडून पाहिले.

या रविवारी उपकार म्हणायचा होता आमोस ओहोळच्या आईबापांनी.

आमोस. शामुवेल गवंड्याचा आणि केतुराबाईचा एकुलता एक. उंच, उन्हाने रापलेला, नुकती मिशी दाटलेला. हसला की आळीच्या टोकाला कळे. लग्नाला किती वर्षे होऊन गेल्यावर, लोकांनी विचारायचे सोडल्यावर, खुद्द केतुराबाईनेही मागायचे सोडल्यावर पदरात पडलेला. मंडळीत तो ढोलकी वाजवी, आणि ताल धरताना डोळे मिटून घेई. आई त्याला रागवायची, देवाच्या घरात झोपतोस काय रे मेल्या! तो डोळे न उघडताच हसायचा.

उन्हाळा लागला की माळावरच्या विहिरींचे पाणी तळ गाठते, आणि विहिरी खोल करायची कामे निघतात. आमोस त्या कामावर जाई. काठावर यारी लावलेली असे. तिच्या पाळण्यातून माणसे खाली उतरत, पाळण्यातूनच दगड-मुरूम वर येई. त्या दिवशी केतुराबाई त्याची भाकरी घेऊन काठावर आली. वाकून तिने हाक मारली. खालच्या गार, काळोख्या खोलीतून त्याने वर पाहिले, हसला, आणि वरच्या अंगाची दरड सुटली.

मुरूम लाल होता. ताजा, ओलसर, आरक्त. माणसांनी टिकाव टाकून देऊन हातांनी उकरले, बोटे सोलवटली, आणि दिवस कलताना आमोसला वर आणले. केतुराबाईने त्याचे डोके मांडीवर घेतले. पदराने त्याच्या पापण्यांतला मुरूम टिपला, नाकातला टिपला, ओठांच्या कोपऱ्यातला टिपला. लहानपणी शेंबूड पुसायची तसा, हलक्या हाताने, जरासे रागावून. मग तिने आभाळाकडे पाहिले आणि तोंड उघडले.

आणि तिच्या तोंडावर हात आला.

वाईट हात नव्हता तो. शेजारच्या सारूबाईचा होता, जिने आमोसला बाळपणी न्हाऊमाखू घातले होते. "केतुराबाई, नको. आपल्यात नाही." हात मायेचा होता, आणि घट्ट होता. कंठापर्यंत आलेला हंबरडा तिथेच थांबला, आणि तिथेच राहिला.

त्या दिवसापासून तो तिथे होता. घोट गिळताना लागे, श्वास घेताना लागे. शवपेटी खाली सोडताना तो होता, मूठभर माती टाकताना तो होता, माणसे ओळीने येऊन हात हातात घेत होती आणि धीर धरा म्हणत होती तेव्हाही तो होता. जिवंत, जागा, बाहेर यायला तळमळणारा. केतुराबाईला दुसरे काही नको होते. तिला आपल्या पोरासाठी एकदा तोंड उघडून रडायचे होते, आणि ज्याने पोर दिले होते त्याच्यासमोर रडायचे होते.

रविवारी सकाळी शामुवेल अंगणात भिंतीकडे तोंड करून उभा होता. भिंत त्यानेच रचलेली, दगडाला दगड भिडवून, चुकूनही फट न ठेवता. त्या भिंतीला तो सांगत होता, "उपकार, प्रभू, उपकार." आवाज कापत होता, म्हणून पुन्हा सांगत होता.

केतुराबाई उंबऱ्यात बसून बघत होती.

"दोन शब्द हायेत, केतुरे," तो न वळता म्हणाला.

"दोन कुटं? एकच हाय. दोनदा म्हनायचा."

"मग एक डाव म्हन. पुढचं मी सांभाळून घेतो."

"तुमी म्हना. तुमची जीभ हाय."

"अगं, लोक काय म्हनतील?"

"लोकांचं पोर गेलं का?"

तो वळला. डोळे कोरडे होते, आणि ते तसे ठेवायला त्याला किती कष्ट पडत होते ते तिला दिसले. तिला त्याची फार दया आली. तो हळूच म्हणाला, "आन देव? देव काय म्हनंल?"

"त्येच तर इचारायला चालले," केतुराबाई म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन उठली. पदराला विहिरीचा लाल मुरूम तसाच होता. तिने तो धुतला नव्हता, आणि धू असे तिला सांगायची कुणाची छाती झाली नव्हती.

वाट माळावरून जात होती. पुढे शामुवेल, मागे केतुराबाई. दोघांच्या सावल्या आखूड होत होत पायांशी आल्या. घंटा वाजत होती. एक ठोका, मग उन्हाची शांतता. एक ठोका, मग उन्हाची शांतता. बायका वाटेत भेटल्या, मंडळीच्या रीतीने सलाम म्हणाल्या, आणि केतुराबाईच्या पदराकडे बघून गप्प झाल्या.

मंदिर काळ्या दगडाचे, पत्र्याच्या छपराचे, उंच अरुंद खिडक्यांचे. खिडक्यांना जाड सागवानी झडपा. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, मध्ये मोकळी वाट, वाटेच्या शेवटी मेज आणि मेजावर लाकडी क्रूस. पाळकसाहेब तालुक्याहून मोटारसायकलवर येत, वाटेतल्या गावची उपासना उरकून. म्हणून धोंडेमाळची उपासना सुरू व्हायलाच ऊन डोक्याशी येई, आणि संपेपर्यंत भर दुपार होई. तरुण, सौम्य, घामाने निथळणारे पाळक. त्यांना मान होता, पण चालायचे ते तीमथ्य मास्तरांचे.

तीमथ्य मास्तर मंडळीतले वडील पंच. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे धोतर, आणि ताठ पाठ. शाळेतून निवृत्त होऊन युग लोटले, छडी हातातून सुटली, पण आवाजातून काही सुटली नव्हती. अर्ध्या मंडळीला रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलेले, केतुराबाईलाही. आणि त्यांचा अधिकार नुसता शिकवण्याचा नव्हता.

तरुणपणी, तापाच्या साथीत, त्यांच्या दोन्ही मुली पाठोपाठ गेल्या होत्या. त्या रविवारी मास्तर मेजापाशी उभे राहिले आणि असा खणखणीत उपकार म्हणाले, की ती गोष्ट धोंडेमाळ अजून सांगतो. असा विश्वास पाहिजे, म्हणतो. मास्तरांच्या बायकोची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. त्या रविवारनंतर ती बाई मरेपर्यंत फारशी बोललीच नाही.

उपासना झाली. पेटी वाजली, गीते झाली. ढोलकी कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेली होती. तिला कुणी हात लावला नाही. वचन वाचले गेले, प्रार्थना झाली. आणि खिडकी-खिडकीतून दुपार आत आली. प्रखर, पांढरी, निर्मम. सतरंजीच्या विटलेल्या रंगांवर, बायकांच्या झुकलेल्या माथ्यांवर, मेजावरच्या क्रूसावर. अश्रूला लपायला कोपरा राहू नये असा तो प्रकाश होता. त्या प्रकाशात मास्तर उठले.

"शामुवेल, केतुराबाई, पुढे या."

शामुवेल पुढे गेला. मेजाला त्याने बोटे टेकली. सकाळभर भिंतीला सांगितलेले त्याने आता मंडळीला सांगितले, एकेक शब्द ओळंब्यात धरून. आवाज कापला नाही. बायकांनी माना डोलावल्या. छान म्हटले हो, असे त्या माना म्हणाल्या. शामुवेलने मेज मात्र सोडले नाही, आणि ते फक्त त्याच्या बायकोच्या लक्षात आले.

मग केतुराबाईची पाळी आली.

ती नुसती उभी राहिली. लिंबाचा वास आत येत होता. कुणाचे तरी मूल खोकले. तापलेला पत्रा कडकडला. दुःखात बिचारी शब्द विसरली असेल, असे मास्तरांना वाटले, आणि वर्गात पोराला सुचवावे तसे ते हळूच म्हणाले, "उपकार..."

"ठावं हाय मला, मास्तर. इसरले न्हाई."

"मग म्हणा."

"न्हाई म्हननार."

मंदिर थिजले. पंख्याने वारा घेणारे हात तिथल्या तिथे थांबले. त्या मेजापाशी किती माणसे उभी राहून गेली असतील! विधवा उभ्या राहिल्या, विधुर उभे राहिले, तान्ही गेलेल्या ओल्या बाळंतिणी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. कुणी कधी नाही म्हटले नव्हते. नाही म्हणता येते, हेच धोंडेमाळला माहीत नव्हते.

पाळकसाहेब घाईने पुढे आले. भला माणूस. "असू द्या, केतुराबाई. बसून घ्या तुम्ही. प्रभू मन जाणतो."

"जानतो ना? मग त्याच्या म्होरं खोटं कशाला बोलू?"

नसलेले उत्तर पाळकांनी दिले नाही, गप्प राहिले, हे त्यांचे मोठेपण म्हणायचे.

मास्तर गप्प राहणाऱ्यांतले नव्हते. "देवाच्या इच्छेविरुद्ध बोलतेस? त्याच्याच घरात उभी राहून?" रागाच्या भरात ते तिला अगंतुगं करू लागले, अजून ती रविवारच्या शाळेतली पोर असल्यासारखी.

"देवाची इच्छा व्हती असं तुमाला कुनी सांगितलं?" केतुराबाईने विचारले. "दरड पडली, मास्तर. मुरूम ढिला व्हता. म्या काठावर हुबी व्हते, म्या बघितलं. त्याचं पाप देवाच्या माथी कशाला मारता?"

"केतुरे," शामुवेल कळवळला. "पुरं कर आता."

"न्हाई वं. आज न्हाई पुरं व्हायचं."

आणि ती मंडळीकडे वळली. मुरुमाने माखलेला पदर, विस्कटलेले पांढरे-काळे केस, फाटलेले, शुष्क, सुजलेले ओठ. पण डोळे! त्या डोळ्यांत त्या दिवशी कुणाला बघवले नाही.

"तुमीच शिकवलं मला, मास्तर. हितंच, खिडकीखाली बसवून. देवाचा बी एकच व्हता. एकुलता. त्यो क्रूसावर गेला तवा बापानं काय केलं? उपकार म्हनला? हात जोडून हुबा ऱ्हायला?"

तिने उजेडाने भरलेल्या खिडकीकडे बोट केले.

"भर दुपारी सूर्य झाकला त्यानं! साऱ्या जगाचा उजेड काढून घेतला. भुई हादरवली, खडक फोडलं. देवळातला पडदा वरनं खालपतूर टरकावला, बाप अंगातला सदरा फाडतो तसा. येवढा मोठा देव, त्याला बी सोसलं न्हाई. आन पोरगं तिसऱ्या दिशी उठनार, ह्ये त्याला ठावं व्हतं, मास्तर! ठावं असून अंधार केला त्यानं."

गळ्यातला हंबरडा वर आला, आणि तिने तो एकदा शेवटचा गिळला.

"मला आशा हाय. माजा आमोस उठंल, म्या त्याला बघीन, ह्ये मला बी ठावं हाय. कुनी मला इश्वास शिकवू नका. पर आज त्यो मातीत हाय. आन माज्या तोंडावर हात ठेवता व्हय रे तुमी?"

एवढे बोलून तिने जवळच्या खिडकीची झडप ओढली. सागवान करकरले. प्रकाशाचा एक लांब, लखलखीत पट्टा सतरंजीवरून उचलला गेला.

"हे काय चालवलंयस?" मास्तर ओरडले.

"अंधार करते. त्यानं केला तसा."

दुसरी खिडकी उंच होती. टाचा उंचावून, भिंतीला छाती टेकून, एका हाताने चाचपून पाहिले तरी केतुराबाईचा हात झडपेपर्यंत पोचेना. ती धडपडत राहिली. एवढी माणसे बसलेली, आणि एकजण हलेना. देवाच्या घरात माणसे कशी दगड होतात ते बघायचे असेल तर तो क्षण बघायला हवा होता.

मग बायकांतून सारूबाई उठली. उंच, हाडापेराने मोठी. विहिरीच्या काठावर ज्या हाताने तिने हंबरडा दाबला होता तोच हात तिने वर केला, झडप ओढली, कडी घातली. केतुराबाईकडे तिने पाहिले नाही. "माझ्या रूथसाठी," एवढेच म्हणाली. रूथ तिची लेक. पहिल्या बाळंतपणात गेलेली. तिचाही उपकार म्हणून झाला होता.

मग उठली माणसे. कुणी सांगितले नाही, कुणी बोलावले नाही. कुणी भावासाठी, कुणी बापासाठी, कुणी नाव न ठेवलेल्या तान्ह्यासाठी. म्हाताऱ्या उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत. झडप मिटली, झडप मिटली, झडप मिटली. ती उद्दाम, पांढरी दुपार पट्ट्यापट्ट्याने मागे हटली; आधी सतरंजीवरून, मग भिंतींवरून, मग मेजावरून, मग क्रूसावरून. सावळा, शीतल, सखोल अंधार पायांपासून वर चढत आला, आणि त्यात माणसांचे चेहरे एकेक करून बुडाले.

उरली एक खिडकी. मास्तरांच्या खुर्चीमागची. तिला पाठ लावून मास्तर उभे होते, दोन्ही हात पसरून.

"ही नाही. ही मी लावू देणार नाही."

सारा उरलेला उजेड त्यांच्या पाठीशी होता, म्हणून तोंड काळे दिसत होते. केतुराबाई जवळ गेली. तिने हात उगारला नाही, झडपेला धरले नाही. तिने विचारले, "पोरींची नावं काय व्हती, मास्तर?"

मास्तरांचे ओठ हलले. ती नावे त्यांनी पुन्हा कधी उच्चारली नव्हती. घरात नाही, प्रार्थनेत नाही, बायको गेली तेव्हा तिच्या उशाशी बसूनसुद्धा नाही. अख्खा जन्म त्यांनी दुसऱ्यांकडून उपकार म्हणवून घेतला, कारण एकानेही नाही म्हटले असते तर आपल्या त्या खणखणीत रविवाराचे काय झाले असते? तेच आज झाले होते.

"मोठी..." मास्तर म्हणाले. "मोठी मिर्याम." खणखणीत आवाज कुठल्या कुठे गेला होता. "धाकटीला... आम्ही धाकटीला चिमी म्हणायचो. ती... तिला माझी टोपी लागायची खेळायला."

पसरलेले हात खाली आले. मास्तर वळले, आणि त्यांनी स्वतःच झडप ओढून घेतली.

दार पाळकसाहेबांनी लावले. अंधार झाला. छपराच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोके होती, त्यांतून उजेडाचे बारीक कण तेवढे दिसत होते. उरलेले सारे काळे, निबिड, निराकार. बाहेर भर दुपार होती, आणि आत दुपार नव्हती.

मग केतुराबाईने तोंड उघडले. या वेळी हात आला नाही.

"आमोस रे! माज्या लेकरा!"

काय सांगावे तो हंबरडा! तो उभ्या अंगातून आला, पायांच्या तळव्यांपासून आला. तो आरोप होता, तो आक्रोश होता, ती अंगाईसुद्धा होती. पत्रा थरथरला. लिंबावरचे पक्षी उडाल्याचा आवाज आला. ती ओरडली, श्वास घेतला, पुन्हा ओरडली. माजं पोर, माजं पोर, माजं पोर. जे बोलायचे होते ते ती बोलली. का नेलंस, म्हणाली. कुटं व्हतास, म्हणाली. हाक मारली ती म्या मारली, त्यानं वर बघितलं ते माज्यापाई बघितलं, म्हणाली. एवढे दिवस हेही तिच्या पोटात होते, आणि शामुवेललाही ते ठाऊक नव्हते.

शामुवेलने मेज सोडले. चाचपडत, अडखळत तो तिच्यापाशी आला, खाली बसला, आणि तिच्या त्या मळक्या पदरात तोंड घालून लहान मुलासारखा रडू लागला. "तुजं न्हाई गं," तो म्हणत होता, "तुजं काय बी न्हाई त्यात." तिने त्याचे डोके पोटाशी धरले.

मग सारूबाईचा आवाज फुटला. मग भिंतीपाशी कुणाचा, मग दारापाशी कुणाचा. आणि मग एक चिरका, अनभ्यस्त, म्हातारा आवाज, ज्याला रडता येत नव्हते, रडायचे कसे ते ज्याला कुणी शिकवले नव्हते. चिमे, चिमे, म्हणणारा. पिढ्यापिढ्यांचे कोंडलेले, कोरडे पाडलेले, उपकाराच्या शब्दाखाली पुरलेले रडे त्या मंदिरात उफाळून आले. विश्वास कमी पडला, असे त्या दिवशी कुणी कुणाला म्हणाले नाही.

आणि देव? देव कुठे होता?

आता मी सांगतो त्याला पुरावा मागू नका. त्या अंधारात, मेजापलीकडे, जिथे कधी कुणी बसत नाही, तिथे कुणीतरी होते. करुणाघन, दीनवत्सल, दयासागर म्हणून ज्याला गातात, तो. आला होता, आणि आल्यावर समजूत घालत नव्हता. माझी इच्छा, म्हणत नव्हता. थोडा धीर धर, असेही म्हणत नव्हता. मूल गेलेला बाप बसतो तसा तो भुईवर बसला होता, गुडघ्यांत डोके घालून, आणि त्याचे खांदे हलत होते.

केतुराबाईला तो दिसला नाही. दिसण्याजोगा उजेडच नव्हता. पण तिला त्याचे रडे ऐकू आले. ऐकून तिला नवल वाटले नाही. तिचा राग गेला नाही, आणि जा असे त्याने रागाला सांगितले नाही. ती त्याला क्षमा करायला आली नव्हती, तोही क्षमा मागायला आला नव्हता. आपल्यासारखेच याचेही गेले आहे, एवढे तिला कळले, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिला एक घोट नीट गिळता आला.

हळूहळू आवाज निवले. हुंदके लांबले, विरले. नाके ओढल्याचे, पदर सावरल्याचे, म्हाताऱ्यांच्या खाकरण्याचे आवाज उरले. माणसे अंधारात एकमेकांना टेकून बसली होती. बायका कुठल्या, पुरुष कुठले, ते राहिले नव्हते. कुणाचा तरी हात मास्तरांच्या पाठीवरून फिरत होता. मग त्यांचे रडेही निवले, आणि एक थकलेली, ओली, अथांग शांतता मंदिरात भरून राहिली.

पाळकसाहेब डोळे पुसत उठले. त्यांनी दाराची कडी चाचपली. "उघडू या आता?" त्यांनी हलकेच विचारले.

"नका उघडू, पाळकसाहेब." केतुराबाईचा आवाज पार बसला होता. "थांबा वाईच. देवाचं रडून अजून झालं न्हाई."

पाळकांचा हात कडीवरून खाली आला. ते होते तिथेच, दाराशी, भुईवर बसले. बाहेर चैत्राची दुपार दारावर धडकत राहिली, धडकत राहिली. आत कुणी उठले नाही, कुणी दार उघडले नाही.